सहा महिन्यांची हद्द : पक्षाघातानंतरच्या चालण्याविषयीच्या एका समजाचा प्रतिवाद

पक्षाघाताचा झटका आल्यानंतर पायात जे काही परत यायचे ते सहा महिन्यांत येते आणि त्यानंतर जे राहिले ते जन्माचे राहिले, हा समज माळव्यातील धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत दवाखान्यापासून ओसरीपर्यंत सारख्याच खात्रीने सांगितला जातो. तेथील जुन्या मराठी घरांत, म्हणजे पवारांच्या धार संस्थानाबरोबर आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीबरोबर तिकडे गेलेल्या कुटुंबांत, या आजाराला ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात, बाजारात त्यालाच ‘लकवा’ म्हणतात, आणि कागदावर तो पक्षाघात किंवा अर्धांगवायू होतो. शब्द कोणताही असो, सहा महिन्यांची हद्द मात्र सगळीकडे एकच असते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की ही हद्द मोजमापाच्या एका विशिष्ट पद्धतीतून निघाली, उपचार करणाऱ्यांच्या आणि उपचाराचा खर्च सोसणाऱ्यांच्या सोयीची ठरली, म्हणून टिकली, आणि रुग्णाच्या पायाचा तिच्याशी संबंध फार थोडा आहे. तिच्यापायी अंगणापर्यंत चालत जाऊ शकणारी माणसे खाटेवर राहिली आहेत, आणि हे नुकसान टाळता येण्याजोगे होते.

या समजाला काहीच आधार नाही असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगन येथील अभ्यासात पक्षाघाताच्या ८०४ रुग्णांच्या चालण्याची नोंद दर आठवड्याला ठेवलेली होती. रुग्णालयात येताना त्यांतील ५१ टक्के रुग्ण मुळीच चालू शकत नव्हते, १२ टक्के दुसऱ्याच्या आधाराने चालत होते आणि ३७ टक्के स्वतःचे स्वतः चालत होते. पुनर्वसन संपले तेव्हा २१ टक्के दगावले होते, १८ टक्के चालू न शकणारेच राहिले होते, ११ टक्के आधाराने आणि ५० टक्के स्वतंत्रपणे चालत होते. यापुढचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे : ९५ टक्के रुग्णांनी चालण्याची आपली सर्वांत वरची पायरी पहिल्या ११ आठवड्यांतच गाठली होती. म्हणजे प्रतिपक्षाने आपला पुरावा काटेकोर लावला, तर हद्द सहा महिन्यांचीही राहत नाही, ती तीन महिन्यांच्या आत येते. हा अभ्यास मोठा आहे, काळजीपूर्वक केलेला आहे, आणि त्याने सांगितलेली गोष्ट खोटी नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याने नेमकी कोणती गोष्ट सांगितली.

त्या अभ्यासात चालण्याची मोजणी बार्थेल निर्देशांकातील चालण्याच्या कलमावरून केलेली होती. हा निर्देशांक म्हणजे जेवणे, कपडे घालणे, शौचास जाणे अशा रोजच्या कामांत माणूस किती स्वावलंबी आहे हे गुणांनी सांगणारी एक पद्धत असून, तीत चालण्याला जास्तीत जास्त १५ गुण आहेत. दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय, हातात काठी असली तरी, ५० यार्ड म्हणजे सुमारे ४५ मीटर चालता आले की हे १५ गुण मिळतात, एका माणसाच्या मदतीने तेवढे अंतर गेल्यास १० मिळतात, आणि ज्याला तेवढे अंतर कसेही जाता येत नाही त्याला शून्य. हे ४५ मीटर एका मिनिटात संपले की पाच मिनिटांत, दर दहा पावलांना भिंत धरावी लागली की नाही, पायाचा अंगठा जमिनीला घासला की नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढे चालण्याची ताकद उरली की नाही, यांपैकी कशाचीही नोंद या पद्धतीत होत नाही. ११ व्या आठवड्यात १५ गुण मिळवलेला रुग्ण ११ व्या महिन्यात दुप्पट वेगाने चालू लागला, तरी त्याचे गुण १५ च राहतात. आणि खाटेवरून उठूही न शकणारी बाई वर्षाअखेर भिंतीच्या कठड्याला धरून न्हाणीघरापर्यंतची सात पावले जाऊ लागली, तरी तिचे शून्य शून्यच राहते. पहिल्याच्या बाबतीत मोजपट्टी वरच्या टोकाला संपली, दुसरीच्या बाबतीत ती खालच्या टोकाला सुरूच झाली नाही, आणि दोघांच्याही कागदावर मात्र सुधारणा थांबल्याचा शेरा पडतो. ज्या घरात त्या बाईला रोज उचलून न्यावे लागत होते आणि आता लागत नाही, त्या घराला या शून्याचा अर्थ कोणी समजावून सांगू नये.

चालण्याचा वेग हे याहून बारीक माप आहे. १९९५ सालीच जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघातानंतरच्या वेगाचे जे टप्पे सुचवले, ते आजही वापरले जातात : सेकंदाला ४० सेंटिमीटरपेक्षा कमी वेग असेल तर माणूस घरापुरता चालतो, ४० ते ८० सेंटिमीटर असेल तर घराबाहेर मर्यादित प्रमाणात फिरू शकतो, आणि ८० च्या वर गेला तर गावात मोकळेपणी वावरू शकतो. देवासमधून जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्याचा नुसता १२ मीटरचा पट्टा धरला, तरी पहिल्या टप्प्याच्या काठावरच्या माणसाला तो ओलांडायला ३० सेकंद लागतात आणि दुसऱ्या टप्प्याच्या काठावरच्या माणसाला १५. मोटारींच्या त्या रस्त्यावर या १५ सेकंदांवर माणसाचे बाजारात जाणे-न जाणे ठरते, आणि बार्थेलच्या हिशेबात दोघेही सारखेच.

आता मूळ चूक कोठे होते ते पाहिले पाहिजे. पक्षाघात म्हणजे मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद होणे किंवा फुटणे, आणि त्यामुळे मेंदूचा एखादा भाग मरणे. पायाच्या स्नायूंना, हाडांना किंवा पायाकडे जाणाऱ्या नसांना त्यात सुरुवातीला काहीही झालेले नसते. मेंदूपासून निघालेले हालचालीचे बहुतेक तंतू मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूस जातात, म्हणून उजव्या मेंदूतील इजेने डावा पाय लुळा पडतो. झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत असतात. एक म्हणजे इजेभोवतीची सूज ओसरते, अर्धवट रक्तपुरवठ्यावर तग धरून असलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात, आणि दूरचे जे भाग इजेच्या धक्क्याने गप्प झाले होते ते जागे होतात. ही जखम भरण्याची क्रिया आहे, ती बरीचशी आपोआप होते आणि ती खरोखरच काही महिन्यांत संपते. दुसरी गोष्ट म्हणजे उरलेल्या मेंदूने उरलेल्या वाटांनी तेच काम नव्याने शिकणे. ही शिकण्याची क्रिया आहे, ती सरावाशिवाय होत नाही, आणि तिला कॅलेंडर लागू होत नाही, जसे ते पोहायला शिकण्याला किंवा साठाव्या वर्षी पेटी शिकण्याला लागू होत नाही. सहा महिन्यांचा समज या दोहोंना एकच समजतो, आणि पहिली संपली की दुसरीही संपली असे जाहीर करतो.

अवयव पूर्ववत होणे आणि अवयवाचे काम परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे देवासला तरी दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज पडू नये. १९४८ मध्ये क्षयरोगाने खचलेले कुमार गंधर्व त्या गावी कोरड्या हवेसाठी येऊन राहिले, पुन्हा गाता येणार नाही असे त्यांना सांगितले गेले होते, आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद होते. त्या काळी नव्याने आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने रोग आटोक्यात आला, पण रोगाने निकामी केलेले फुप्फुस परत आले नाही. परत आले ते गाणे, आणि तेही वेगळ्या श्वासाचे, छोट्या, जोरकस तुकड्यांचे गाणे, जे उरलेल्या श्वासावर नव्याने बांधलेले होते. क्षय आणि पक्षाघात यांचा वैद्यकीय संबंध नाही, आणि एका असामान्य गवयाचे उदाहरण प्रत्येक रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या गावाने फुप्फुस गमावलेल्या माणसाचे गाणे ऐकले, त्या गावात तरी ‘गेले ते गेले’ हे वाक्य तपासून घ्यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

या समजाला थेट कसोटीवर लावणारा प्रयोग २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि तो लीप्स या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. पामेला डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्याला दोन महिने झालेल्या ४०८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडले. पहिल्या गटाला दोन महिन्यांनंतर लगेच, शरीराचे काही वजन दोरांनी पेलून धरणाऱ्या चालपट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, चालण्याचे शिक्षण दिले; दुसऱ्या गटाला तेच शिक्षण सहा महिने उलटल्यावर दिले; तिसऱ्या गटाला कोणतेही यंत्र न वापरता घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षाअखेर सर्व मिळून ५२ टक्के रुग्ण चालण्याच्या वरच्या पायरीवर गेले होते, आणि तिन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. या निकालातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या दोन्ही धार-देवासच्या रुग्णाच्या कामाच्या आहेत. सहा महिन्यांनंतर ज्यांचे शिक्षण सुरू झाले ते मागे राहिले नाहीत, म्हणजे ज्या दाराला कुलूप आहे असे सांगितले जाते ते तेव्हाही उघडेच होते. आणि ज्या महागड्या यंत्राच्या अभावामुळे जिल्ह्याच्या गावी काही होत नाही असे म्हटले जाते, त्याने घरच्या व्यायामाला मागे टाकले नाही. उलट, ज्यांचा पाय फार दुबळा होता अशा रुग्णांत यंत्रावर लवकर चालवलेल्यांचे वारंवार पडणे जास्त आढळले. या प्रयोगातील सर्वच रुग्ण एका माणसाच्या मदतीने का होईना काही पावले टाकू शकणारे होते, पूर्ण खिळलेले नव्हते, ही मर्यादा येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण प्रतिवादाने स्वतःचा पुरावाही तेवढाच ताणावा जेवढा तो ताणला जातो.

यावर जाणकार प्रतिपक्ष एक भारतीय प्रयोग पुढे ठेवतो, आणि त्याची दखल टाळता येणार नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या प्रयोगात भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्ण होते. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसाला रुग्णालयातच पुनर्वसनाचे शिक्षण देऊन ते घरी चालू ठेवण्यास सांगितले होते, आणि उरलेल्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत मरण पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण सारखेच, म्हणजे ४७ टक्के, निघाले. यावरून पुनर्वसनाने काही होत नाही असा निष्कर्ष काढणारे लोक प्रयोगाचा प्रश्नच बदलतात. प्रयोगाने विचारलेला प्रश्न असा होता की फिजिओथेरपिस्टच्या जागी, थोडे शिक्षण देऊन, घरच्या माणसाला बसवता येईल काय. आणि उत्तर मिळाले की तेवढ्याने भागत नाही. ज्या देशात सुनेच्या किंवा बायकोच्या माथी हे काम टाकून व्यवस्था मोकळी होऊ पाहते, त्या देशासाठी हे उत्तर अतिशय मोलाचे आहे. लीप्समधील घरच्या गटाला यंत्र नव्हते, परंतु घरी येणारा, आठवड्यागणिक व्यायाम अवघड करत नेणारा शिकलेला माणूस होता. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की दिसते ते असे की यंत्रावाचून अडत नाही, माणसावाचून अडते.

मग जिल्ह्याच्या गावात प्रत्यक्ष काय दिले जाते? अनेक घरांत रुग्णाला पाठीवर निजवून कोणीतरी त्याचा लुळा पाय वीस वेळा दुमडतो आणि वीस वेळा सरळ करतो, मग नारायण तेलाने मालिश होते, आणि या सगळ्याला ‘एक्सरसाइज चालू आहे’ असे म्हटले जाते. सांधा आखडू नये यासाठी दुसऱ्याने पाय हलवण्याचा उपयोग आहे आणि तेलाच्या हातातील मायेलाही किंमत आहे. परंतु ज्या मेंदूला चालणे शिकायचे आहे तो या सगळ्या वेळात काहीच करत नसतो. उठणे हे उठण्याने येते आणि चालणे चालण्याने. अमेरिका आणि कॅनडातील पुनर्वसन केंद्रांत कॅथरिन लँग यांच्या गटाने २००९ साली प्रत्यक्ष मोजले, तेव्हा चालण्याच्या एका बैठकीत रुग्ण सरासरी ३५७ पावलेच टाकत होते, आणि प्राण्यांवरील ज्या प्रयोगांत मेंदूची फेरजुळणी दिसली होती त्यांतील सरावाच्या तुलनेत हे प्रमाण फार अपुरे असल्याचे त्यांचे म्हणणे होते. सुसज्ज केंद्रांत ही स्थिती असेल, तर ज्याने आठवड्यात तीनदा अर्धा तास पाय दुमडून घेतला त्याच्याविषयी ‘सहा महिने व्यायाम करून पाहिला, फरक पडला नाही’ असे म्हणताना, कोणता व्यायाम आणि किती, हे विचारलेच पाहिजे. रोगाने नाकारले असे ज्याला म्हटले जाते ते पुष्कळदा कोणी मागितलेलेच नसते.

पायाकडे जरा जवळून पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मेंदूच्या मधल्या मोठ्या रक्तवाहिनीत अडथळा आला, तर हात आणि चेहरा यांचे नुकसान पायापेक्षा जास्त होते, कारण पायाची जागा मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या, आतल्या बाजूवर असून तिला मुख्यतः पुढच्या रक्तवाहिनीतून रक्त मिळते. म्हणून हात निर्जीव राहिला तरी पाय बऱ्यापैकी सावरण्याचा संभव असतो. सावरतो तो आधी मांडीत आणि कमरेत, घोट्यात सर्वांत शेवटी. पाऊल वर उचलणारा नडगीपुढचा स्नायू दुबळा राहतो, पोटरी ताठ होते, आणि पाऊल खाली लोंबून आत वळते. पाय आता लांब झाल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस कंबर वर ओढून तो पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो, आणि टेकवताना गुडघा मागे सटकतो. पोटरीच्या या ताठरपणाला घरचे लोक ‘पाय कडक झाला, म्हणजे ताकद आली’ असे समजतात. त्या ताठरपणावर खांबासारखे उभे राहता येते हे खरे, परंतु ती ताकद नव्हे. स्नायू झटकन ताणला की मेंदूच्या लगामाअभावी तो प्रमाणाबाहेर आकसतो, त्याचा हा परिणाम आहे, आणि तो वाढत गेला तर औषधाच्या गोळ्या किंवा नेमक्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन यांनी कमी करता येतो, तेही झटक्याला वर्ष उलटल्यावरसुद्धा.

अशा पावलाला अंगठ्याची चप्पल टिकत नाही. ती निसटते, आणि तळव्याची संवेदना कमी असल्यामुळे निसटल्याचे पायाला कळतही नाही, ते चार पावले पुढे गेल्यावर मागून येणाऱ्याला कळते. घोटा काटकोनात धरण्यासाठी पोटरीमागून तळव्याखाली येणारा प्लास्टिकचा साचा देतात, ज्याला दवाखान्यात ए.एफ.ओ. म्हणतात, पण तो बुटात घालण्यासाठी बनवलेला असतो, आणि माळव्यातल्या घरात बूट उंबऱ्याबाहेर राहतात. बूट न घालता नुसता साचा बांधून कोट्याच्या गुळगुळीत फरशीवर टाकलेले पाऊल सरकते, एकदा सरकले की माणूस घाबरतो, आणि साचा कपाटावर जातो तो कायमचा. हे सगळे टाचेमागे पट्टा असलेल्या, चिकटपट्टीने आवळता येणाऱ्या, एक माप मोठ्या सँडलच्या एका जोडाने टळते, जो फक्त घरात वापरायचा आणि देवघराच्या दाराशी काढायचा. परंतु हे सांगायला रुग्णाच्या घराचा उंबरठा कोणीतरी पाहिलेला असावा लागतो. जुन्या वाड्याचा तो उंबरठा वीतभर उंच असतो. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा साधा क्रम महिनाभर गिरवला तर तो उंबरठा ओलांडता येतो, एरवी त्याच्या आत आयुष्य संपते. मध्ये झोळ पडलेल्या सुतळीच्या खाटेवरून निरोगी म्हाताराही धड उठू शकत नाही. तिच्या पायांखाली विटा देऊन आणि वर फळी टाकून ती गुडघ्याच्या उंचीची केली, की बसून उठण्याचा सराव दिवसातून पन्नास वेळा करता येतो, आणि पायाला लागणारा हा सर्वांत उपयोगाचा व्यायाम फुकट आहे. सहा महिन्यांनी जे ‘थांबले’ असे म्हणतात, त्यात मेंदूचा वाटा किती आणि त्या खाटेचा वाटा किती, हे कोणी वेगळे करून पाहिलेले नसते.

दवाखान्याने हात झटकले की लोक दुसरीकडे जातात. कबुतराचे रक्त चोळण्याचा उपाय काही भागांत अजून केला जातो आणि त्यात काहीही तथ्य नाही. राजस्थानातील नागौर जिल्ह्यात बुटाटी येथे संत चतुरदास महाराजांच्या देवळात लकव्याचे रुग्ण दूरदूरहून येतात, सात दिवस राहतात आणि देवळाला फेऱ्या घालतात. त्या श्रद्धेची चेष्टा करण्याऐवजी तेथे काय घडते याकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल : दोन्ही बाजूंनी आपल्या माणसांनी धरलेला रुग्ण रोज, ठरलेल्या वेळी, मनात एक हेतू धरून, स्वतःच्या पायांवर फेरी मारतो, आणि त्याच्याभोवती त्याच्यासारखेच शेकडो लोक तेच करत असतात. ज्याला दवाखान्यात ‘आता काही होणार नाही’ असे ऐकावे लागले, त्याला कोणीतरी ‘चल’ म्हणते ते तेथे. सराव, आधार आणि अपेक्षा या तिन्ही गोष्टी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात देता येण्यासारख्या असताना त्यांसाठी माणसाला शेकडो किलोमीटर प्रवास करावा लागावा, हा दोष श्रद्धेचा नाही.

उशिरा सुरू केलेल्या सरावाची बाजू घेतल्याने घाईचेही समर्थन होते असे मात्र नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अवर्ट’ या २१०४ रुग्णांच्या प्रयोगात झटक्यानंतर २४ तासांच्या आत उठवून वारंवार चालवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा किंचित वाईटच निघाली. पहिल्या दिवशी पायासाठी धावपळ करण्यापेक्षा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळावे यासाठी धावपळ करणे कितीतरी अधिक मोलाचे आहे. धारहून इंदूर साठ-पासष्ट किलोमीटर आणि देवासहून पस्तीसेक किलोमीटर आहे, पण कुक्षी, खातेगाव या बाजूच्या खेड्यांतून निघणाऱ्याचे ते साडेचार तास वाटेतच खर्ची पडतात.

या हद्दीला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो विज्ञानाकडून नव्हे, पैशाच्या रचनेकडून मिळतो. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार देते, आणि त्यात दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च धरलेला आहे. जीव वाचवण्यासाठी ही योजना मोठा आधार आहे यात शंका नाही. परंतु पक्षाघाताचा रुग्ण आठ-दहा दिवसांत घरी येतो, पंधरवड्याने योजनेचा हात सुटतो, आणि चालणे शिकण्याचे काम त्यानंतर सुरू होऊन महिनोन्‌महिने चालते. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली फिजिओथेरपी योजनेत बसत नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच कर्करोग, मधुमेह आणि हृदयविकार यांच्या जोडीला पक्षाघात होता, म्हणजे आजाराची ओळख सरकारला नवी नाही. धार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जवळपास २२ लाख होती आणि तिच्यातील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहत होती. निम्म्याहून अधिक लोक आदिवासी समाजांतील होते. ज्या घरी रोजगार बुडवून, भाड्याची गाडी करून आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावी जाणे शक्य नाही, त्या घरी सुधारणा दुसऱ्याच महिन्यात थांबते, आणि या थांबण्यालाही पुढे रोगाचेच नाव मिळते. घरी सोडल्यानंतर एक वर्षापर्यंतच्या ठरावीक भेटी, शिकलेल्या माणसाने खेड्यात जाऊन द्यायच्या, योजनेच्या यादीत घालणे हे फार खर्चाचे काम नाही. पण सहा महिन्यांनंतर काही होत नाही हे एकदा मान्य केले, की ती मागणी करण्याचे कारणच उरत नाही.

शेवटचा आक्षेप सहृदय डॉक्टरांकडून येतो आणि तो आदराने घेतला पाहिजे : खोटी आशा दाखवून घराला कर्जात लोटण्यापेक्षा सत्य सांगितलेले बरे. खोट्या आशेचा धंदा आहे, आणि महागड्या पॅकेजांच्या नावाखाली म्हातारपणची शिल्लक संपवणारेही आहेत, हे मान्य करावे लागेल. काही रुग्णांचे नुकसान एवढे मोठे असते की त्यांचे चालणे परत येत नाही, आणि त्यांना चाकाच्या खुर्चीवरून चांगले जगता यावे यासाठी वेळ आणि पैसा लावणे हेच योग्य. पडण्याची भीतीही खरी आहे, कारण न वापरलेल्या पायाचे हाड ठिसूळ होते आणि लुळ्या बाजूवर पडून मोडलेले खुब्याचे हाड पुष्कळदा सगळेच संपवते. परंतु हे सर्व एकेका रुग्णाविषयीचे निर्णय आहेत, ते त्या रुग्णाला पाहून, उभे करून, चालवून घ्यायचे असतात. सरसकट तारखेवरून दिलेला नकार सत्याच्या गणतीत बसत नाही.

म्हणून जो कोणी रुग्णाला ‘आता जे आहे तेच’ असे सांगेल, त्याच्याकडून आधी दोन आकडे मागावेत. ओसरीत किंवा गल्लीत खडूने एकमेकींपासून दहा मीटर अंतरावर दोन रेघा ओढाव्यात, आधीची दोन पावले आणि नंतरची दोन पावले मोकळी सोडावीत, बाजूला पडू न देणारा एक माणूस ठेवावा, आणि मोबाइलच्या घड्याळावर रुग्णाला त्या दहा मीटरला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवावे. पंचवीस सेकंद लागले तर वेग ४० सेंटिमीटर, साडेबारा लागले तर ८०. मग सहा आठवडे रोज खऱ्या अर्थाने सराव व्हावा, उठण्याचा, वजन दुखऱ्या पायावर घेण्याचा, चालण्याचा, आणि त्याच रेघांवर, त्याच सँडलमध्ये, पुन्हा मोजावे. झटक्याला आठ महिने झाले असोत की अठरा, त्या दोन आकड्यांत फरक पडला नाही तर प्रतिपक्षाचे म्हणणे त्या रुग्णापुरते मान्य करता येईल.